गॉलवेत सहा रात्री: खोली नेमकी कुठे घ्यावी?

अमळनेरचे_नाना

राम राम मंडळी.

मी अमळनेरचा. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. धाकटा मुलगा आयर्लंडला, डब्लिनमध्ये नोकरीला लागलाय. त्याने आम्हा दोघांना महिनाभरासाठी बोलावलंय. व्हिसा आला, तिकिटं झाली, 20 जुलैला मुंबईहून निघायचं. त्याची खोली लहान आणि आठवडाभर तो कामावर. म्हणून तो म्हणतो, मधले सहा दिवस तुम्ही गॉलवेला जाऊन या, समुद्र बघा, शनिवार-रविवार मीही तिकडे येतो. आमच्या हिला समुद्राचं फार वेड. आजवर एकदा द्वारका आणि एकदा हरिहरेश्वर, एवढाच समुद्र तिच्या वाट्याला आलाय.

अडलंय ते खोलीपाशी. आठ दिवस झाले, मोबाईलवर नकाशा उघडून बसतो आणि काही ठरत नाही. तीन जागा काढून ठेवल्यात.

पहिली की स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर, गावाच्या अगदी मध्यात. फोटोत रंगीबेरंगी दुकानं, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, रस्त्यावर गाणारी पोरं. मुलगा म्हणतो हीच घ्या, सगळं पायी होईल. दुसरी सॉल्टहिलला, समुद्रासमोर. माझे साडू म्हणतात, समुद्र बघायला चाललात तर समुद्रावरच राहा. तिसरं एक अख्खं घर आहे, बागेसकट, आणि भाडं या दोन्हींच्या निम्मं. पत्ता नुसता 'गॉलवे' असा दिलाय.

आता आमचं सांगतो, म्हणजे सांगणाऱ्याला अंदाज येईल. हिच्या डाव्या गुडघ्याची वाटी मागच्या वर्षी नाशिकला बदलली, उजवा अजून दुखतो. कठडा धरून आठ-दहा पायऱ्या चढते, त्यापुढे नाही. ती शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, मला चालतं. झोप फार सावध, गल्लीत कुत्रं भुंकलं तरी उठून बसते. आणि पहाटे पाचला चहा लागतो, तो दुसऱ्याच्या दारात जाऊन मागणं तिला जमायचं नाही. तारखा आम्ही 28 जुलै ते 3 ऑगस्ट धरल्यात. पैसे मुलगा देणार, पण त्याची नोकरी नवी आहे, त्याच्यावर जास्त भार पडू नये असं वाटतं.

कोणी तिथे राहिलं असेल तर कृपया सांगा. मोघम नको, रस्त्या-गल्लीच्या नावासकट सांगा.

केळीवाला_रावेर

नाना, मुलाचं ऐका. दोन वर्षांपूर्वी आम्ही डब्लिनहून एका दिवसाच्या सहलीत गॉलवे केलं. रेल्वे स्टेशन, बसस्टँड सगळं एअर स्क्वेअर या चौकाला लागून आहे. तिथून शॉप स्ट्रीट आणि पुढे की स्ट्रीट, गाड्या बंद, नुसती माणसं. कोपऱ्याकोपऱ्यावर कोणी गिटार वाजवतंय, कोणी बासरी. मध्यात राहिलात तर बॅगा ओढत फिरावं लागणार नाही. रात्रीचं मला सांगता येणार नाही, आम्ही सहा वाजता परत निघालो होतो.

धुळ्याची_लेक

नाना, नमस्कार. मी धुळ्याची, देवपूरची. सहा वर्षं झाली गॉलवेला, मेडिकल उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. तुमची पोस्ट वाचली आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसले, कारण तुमच्या मुलाने सुचवलेली खोली मी माझ्या आई-पप्पांसाठी घेतली होती. त्याचं पुढे सांगते.

आधी तारखा बदला, खोलीचं नंतर. 28 जुलै ते 3 ऑगस्ट हा यंदा, 2025 ला, इथल्या घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा आहे, बरोब्बर सोमवार ते रविवार. बॅलिब्रिटच्या मैदानावर 1869 पासून या शर्यती होतात आणि सगळा आयर्लंड त्यासाठी गॉलवेत उतरतो. तुम्ही नंदुरबारकडची सारंगखेड्याची यात्रा पाहिली असेलच. दत्तजयंतीला सारंगखेड्यात आयत्या वेळी खोली मागून मिळेल का? तसंच आहे हे, फक्त इथे नटून-थटून, डोक्यावर पिसांच्या टोप्या घालून लोक येतात. खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि पुष्कळ ठिकाणी तीन-चार रात्रींपेक्षा कमी देतच नाहीत. माझा कारखाना मैदानाजवळच आहे. एरवी वीस मिनिटांचा रस्ता त्या आठवड्यात तासाचा होतो. आणि त्याच्या आधीचे दोन आठवडे कला महोत्सव असतो, म्हणून मध्य जुलैपासूनच गाव भरलेलं. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी इकडे सार्वजनिक सुट्टी असते. ती होऊ द्या आणि मंगळवारी, 5 तारखेला या. 11 ला परत जा. मुलाचे शनिवार-रविवार त्यात येतातच. नुसत्या या एका बदलाने तुमचे जेवढे पैसे वाचतील तेवढे कुठल्याही स्वस्त घरात वाचणार नाहीत.

आता ते निम्म्या भाड्याचं घर. गॉलवे हे शहराचंही नाव आहे आणि जिल्ह्याचंही. जळगाव म्हणून खोली घ्यावी आणि ती निघावी रावेरच्या पलीकडे, अशातली गत होते. क्लिफ्डन हे गावही 'गॉलवे'तच धरतात, आणि ते शहरापासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या सासू-सासऱ्यांची अशीच फसगत झाली. घर सुंदर होतं, बाग होती, समोर तळं होतं, पण दुकान सहा किलोमीटरवर आणि बस दिवसातून मोजक्या वेळा. चार दिवस बिचारे खिडकीतून मेंढ्या बघत बसले. गाडी चालवणार असाल तर अशी घरं छान. (रस्ते आपल्यासारखेच डावीकडून चालतात.) तुम्ही दोघंच असणार, तेव्हा ते घर सोडा. मालक नुसतं गावाचं नाव देत असेल तर त्याला पिनकोड विचारा. इथे त्याला एअरकोड म्हणतात, प्रत्येक घराचा वेगळा असतो. नकाशात टाकला की थेट दारावर बोट जातं.

की स्ट्रीट.

पहिल्या खेपेला आई-पप्पा आले तेव्हा मी तीन मुलींबरोबर एका घरात राहायचे, त्यांना ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मध्यातली एक खोली चार रात्रींसाठी घेतली. फोटोत त्याच फुलांच्या कुंड्या होत्या, नाना. खाली पब, वर खोल्या. जिना इतका अरुंद की पप्पांनी बॅग डोक्यावर घेतली. चौतीस पायऱ्या. मी नंतर मोजल्या. आधी मोजायला हव्या होत्या. खिडकी जुन्या पद्धतीची, लाकडी, वर सरकवायची, एकेरी काचेची. संध्याकाळी आई खुश होती. खाली फिडल (व्हायोलिन) वाजत होतं, ती खिडकीत उभी राहून ताल धरत होती. इथे पब साधारण साडेअकराला बंद होतात, शुक्रवार-शनिवारी साडेबाराला. मला वाटलं मग शांत होईल. झालं उलटंच, कारण आतली सगळी माणसं रस्त्यावर आली. गाणी, हाका, भांडणं, रडणं, दोन-अडीच वाजेपर्यंत. मग कोणीतरी काचेच्या बाटल्या पिंपात ओतल्या. आणि डोळा लागतो न लागतो तोच सकाळी बिअरची पोलादी पिंपं फरशीवरून गडगडत आली, एकामागून एक, थेट खिडकीखाली. तक्रार केली तर इअरप्लगची पुडी हातात ठेवली आणि खोलीच्या माहितीत तळाशी बारीक अक्षरांत 'आवाज येऊ शकतो' असं लिहिलंय ते दाखवलं.

पप्पांना बीपी आहे. तिसऱ्या सकाळी जिन्यातच त्यांना चक्कर आली. कठडा धरून ते पायरीवर बसले, मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा हात घामाने गार पडला होता. वर आई, खाली लोक थांबलेले. मला म्हणाले, "काही नही माय, झोप नही व्हयनी." तो जिना मी अजून विसरले नाही. म्हणून काकूंना त्या रस्त्यावर ठेवू नका. दिवसा हवं तितकं फिरा. गाणं-वाजवणं ऐकायचं तर मेनगार्ड स्ट्रीटवरच्या टिग कोइली नावाच्या पबात संध्याकाळी लवकरच वादक जमतात. चहा मागवून बसलात तरी कोणी काही म्हणत नाही. आणि निजायला नदीपलीकडे जा.

नदीपलीकडे म्हणजे कुठे, ते नीट सांगते. गाव मोठं नाही. लोकवस्ती ऐंशी हजारांच्या वर, म्हणजे आपल्या चोपड्याहून थोडं मोठं आणि तुमच्या अमळनेरहून थोडं लहान. त्याच्या मधून कॉरिब नदी जाते. वरच्या कॉरिब तळ्यातून निघते आणि जेमतेम सहा किलोमीटर धावून समुद्राला मिळते, म्हणून तिला भयंकर ओढ आहे. पांझरेला पूर आल्यावर जसा आवाज येतो तसा हिचा बारा महिने येतो. पूर्वेच्या काठावर जुनं गाव, एअर स्क्वेअर, की स्ट्रीट. की स्ट्रीट संपली की स्पॅनिश आर्च, 1584 मधली दगडी कमान. तिथून वुल्फ टोन पूल ओलांडला की पश्चिमेचा काठ, आणि लगेच क्लाडा लागतं.

क्लाडा हे मूळचं कोळ्यांचं गाव. दोन हातांनी धरलेलं हृदय आणि वर मुकुट अशी अंगठी तुम्ही कुठे पाहिली असेल, ती इथली. गवताने शाकारलेली जुनी घरं 1930 च्या दशकात पाडली आणि सरकारने साधी, ठेंगणी घरं बांधून दिली. तीच आज आहेत. जमीन सपाट. बंदराच्या कुंडात हंसांचा थवा असतो, वीस-पंचवीस सहज. गल्ली संपली की समुद्र. इथून की स्ट्रीट दहा मिनिटांवर, एअर स्क्वेअर काकूंच्या चालीने वीस-पंचवीस मिनिटं, आणि रात्री अकरानंतर फक्त वारा. माझं मत विचाराल तर क्लाडा, फादर ग्रिफिन रोड किंवा सी रोड, या तिघांत कुठेही घ्या. डॉमिनिक स्ट्रीट त्याच बाजूला आहे पण तिथेही पब, तो नको. सी रोडवर क्रेन नावाचा गाण्याबजावण्यासाठी नावाजलेला पब आहे. त्याच्या भिंतीला लागून खोली नसावी एवढं बघा.

सॉल्टहिल वाईट नाही. उलट समुद्र म्हणून तेच खरं. काठाने दोन किलोमीटरच्या वर लांब फरसबंद वाट, मधे मधे बाकं, आणि समोर खाडीपलीकडे क्लेअर जिल्ह्याचे करडे डोंगर. वाटेच्या शेवटी ब्लॅकरॉक नावाचा पाण्यात उड्या मारायचा मनोरा आहे. साठी-सत्तरीच्या बायका भर थंडीत तिथून समुद्रात उतरतात. वाट संपते तिथल्या भिंतीला पायाने हलकीशी लाथ मारूनच परत फिरायचं, अशी इथली रीत आहे. का, ते कोणालाच धड सांगता येत नाही, पण सगळे मारतात. अडचण एवढीच की गाव तिथून तीनेक किलोमीटर. 401 नंबरची बस एअर स्क्वेअरला जाते-येते, पण पावसात थांब्यावर ताटकळत उभं राहणं काकूंच्या गुडघ्याला सोसेल का, ते तुम्हालाच ठाऊक. शिवाय अगदी समुद्रासमोरच्या खोलीला वारा असा झोडपतो की खिडक्या वाजत राहतात. क्लाडात काही मिळालं नाही तर सॉल्टहिल घ्या, पण समुद्रासमोरची ओळ सोडून एक गल्ली आत.

मालकाला विचारताना 'लिफ्ट आहे का' असं विचारू नका. छोट्या घरगुती जागांत नसतेच, आणि 'थोड्याच पायऱ्या आहेत' असं उत्तर येतं. दारापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती, असं विचारा आणि आकडा लेखी मागा. चहाची काळजी करू नका, इथे जवळजवळ प्रत्येक खोलीत पाणी उकळायची किटली आणि चहाच्या पुड्या असतात. पहाटे पाचला काकूंचा चहा पलंगावर बसून होईल.

न्याहारीचं मात्र आधीच बोलून घ्या. घरगुती जागांत सकाळी जी ताटली येते तिच्यात सॉसेज, बेकन आणि काळ्या चकत्या असतात. त्या चकत्या डुकराच्या रक्ताच्या असतात, त्यांना ब्लॅक पुडिंग म्हणतात. नावावरून गोड वाटतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. पांढऱ्या चकत्याही डुकराच्याच. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की हे सगळं काढतील, पण अंडं ठेवतील, कारण इकडे अंडं शाकाहारात धरतात. अंडं नको हे वेगळं सांगा. मग ओट्सची खीर, टोमॅटो, मशरूम, बीन्स आणि सोड्याचा तपकिरी पाव मिळतो. तो पाव गरम असताना लोण्याबरोबर फार छान लागतो, काकूंना आवडेल.

चाळीसगावकर

ताईंनी सगळं सांगितलंच आहे. मी गॉलवेच्याच विद्यापीठात एमएस्सी करतोय, तेव्हा एक भर घालतो. विद्यार्थी सुट्टीला गेले की विद्यापीठाच्या कॉरिब व्हिलेज वसतिगृहातल्या खोल्या उन्हाळ्यात पर्यटकांना देतात. नदीकाठी आहे, रात्री शांत, आणि स्वयंपाकघर मिळतं. पण बहुतेक खोल्या एकेकट्याच्या, पलंग अरुंद, आणि गाव काकूंसाठी लांब पडेल. नदीकाठाने चालायला मात्र सुंदर. कॅथेड्रलपाशी 2023 मध्ये फक्त पायी-सायकलवाल्यांसाठी नवा पूल झालाय, त्याला लागूनच सॅमन वेअरचा जुना दगडी पूल. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथून खाली सॅमन मासे दिसतात, प्रवाहाला तोंड करून एका जागी तरंगत असतात. राहा कुठेही, पण हे बघून जा.

दुसरं, वेबसाईटवर खोली बघून पैसे बाहेरून बँकेत भरा असं कोणी म्हणालं तर अजिबात भरू नका. मी आलो तेव्हा एकाने मला 'चावी कुरियरने पाठवतो, आधी डिपॉझिट भरा' म्हणून पंधरा दिवस बोलण्यात गुंतवलं होतं. घर खरं होतं, फोटो खरे होते. फक्त ते त्याचं नव्हतं. एका सिनियरने वेळेवर अडवलं म्हणून वाचलो. घरची शेती गहाण ठेवून आलेला पोरगा होतो मी. ते पैसे गेले असते तर काय केलं असतं, याचा विचार अजूनही येतो.

अमळनेरचे_नाना

धुळ्याच्या ताई, तुमची पोस्ट हिला वाचून दाखवली. पप्पांच्या जिन्याचं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाशी बोललो, तारखा 5 ते 11 ऑगस्ट केल्या. क्लाडात फादर ग्रिफिन रोडजवळ तळमजल्यावरची एक खोली मिळते आहे, छोटा ओटा आणि शेगडी आहे. दारापासून पलंगापर्यंत दोन पायऱ्या, मालकिणीने लेखी दिलं. भाडं ठीक वाटलं. चाळीसगावच्या बाळालाही धन्यवाद, पैसे वेबसाईटवरूनच भरले.

आता एक विचारतो. शेगडी आहे म्हणून ही कळण्याचं पीठ, लसणाची चटणी, मेतकूट, डबाभर तूप आणि पेढे असं सगळं बांधायला निघाली आहे. भरताची वांगी तिकडे मिळतात का, तेही विचारते. काय आणावं, काय नाही?

धुळ्याची_लेक

नाना, छान झालं. तळमजला मिळाला हे सगळ्यात बरं.

तूप आणि पेढे घरीच ठेवा. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपाबाहेरून सामानात आणायला मनाई आहे. विमानतळावर सापडले तर काढून घेतात, आणि काकूंनी हाताने कढवलेलं तूप डोळ्यांदेखत टाकलेलं बघवणार नाही. लोणी इकडचं इतकं चांगलं असतं की मी तूप घरीच कढवते. काकूंनाही अर्ध्या तासात जमेल. पीठ, चटणी, मेतकूट आणा, घट्ट बांधून आणि वर नाव लिहून. कळण्याचं पीठ बघितलं की मलाही बोलवा.

वांगी मिळतात, पण काळी-जांभळी, चकचकीत. आपल्या बामणोदच्या हिरव्या वांग्यासारखी नाहीत. साल जाड, गर पाणचट. आणि शेगडी बहुतेक विजेची असणार, त्यावर वांगं भाजता येत नाही. ओव्हनला वरून आच देणारी ग्रिल असेल तर तिच्याखाली ठेवायचं, उलटत-पालटत अर्धा-पाऊण तास. पण हे करण्याआधी छताकडे बघा. पांढरी गोल डबी दिसेल, ती धुराची घंटा. आई दुसऱ्या खेपेला आली तेव्हा आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये भरीत करत होतो. वांगं व्यवस्थित भाजलं. मग आईने त्याच ग्रिलखाली हिरव्या मिरच्या ठेवल्या. दोन मिनिटांत अख्ख्या इमारतीची घंटा वाजायला लागली. चार मजल्यांची माणसं खाली हिरवळीवर, कोणी तान्हं बाळ घेऊन, एक आजोबा पायात नुसते मोजे घालून. पाऊस चालू. आईला इतकं वाईट वाटलं की पुढचे दोन दिवस तिने शेगडीला हात लावला नाही. मिरची तव्यावर, थोड्या तेलात, झाकण ठेवून परता, आणि खिडकी आधी उघडा.

शनिवारी सेंट निकोलस चर्चच्या बाजूच्या गल्लीत बाजार भरतो. चर्च 1320 चं आहे, आणि बाजार आपल्या आठवडे बाजारासारखाच: मातीसकट बटाटे, कोबी, चीज, पाव, फुलं. काकूंना तिथे घेऊन जा. छत्री आणू नका, वारा उलटी करतो; टोपीचं जाकीट आणा. ऑगस्टमध्ये दुपारीसुद्धा अठरा-एकोणीस अंशांच्या वर फारसं जात नाही. आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा खोलीला जाड पडदे आहेत का तेही विचारून ठेवा.

तुम्ही इतिहासाचे म्हणून एक सांगते. गॉलवेच्या पश्चिमेला कॉनेमारा नावाचा भाग आहे, तिकडची बस सहल केलीत तर वाटाड्याला बॅलिनाहिंच किल्ल्याचं विचारा. जामनगरचे रणजितसिंहजी, ज्यांच्या नावाने आपली रणजी करंडक स्पर्धा आहे, त्यांनी तो 1920 च्या दशकात विकत घेतला होता. 1933 मध्ये वारले, तोवर त्यांच्याकडेच होता. मला कळलं तेव्हा मी पप्पांना लगेच फोन केला होता.

अमळनेरचे_नाना

परत आलो मंडळी, सगळं नीट पार पडलं. पुढच्याला उपयोग व्हावा म्हणून लिहितो.

डब्लिनहून बसने अडीच-तीन तास लागले. बस फेअरग्रीन रोडवरच्या कोच स्टेशनला उतरवते, तिथून टॅक्सीने क्लाडा दहा मिनिटांत. जागा ताईंनी सांगितली तशीच. पहिल्या रात्री ही सलग सहा तास झोपली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर असं झालं नव्हतं. पाचला उठून चहा केला आणि आम्ही कप हातात घेऊन कुंडापाशी गेलो. भरती होती, पाणी काठाच्या पायऱ्यांना लागलेलं. मी हंस मोजले, एकोणतीस. ही म्हणाली, आता मला काही दाखवू नका, रोज सकाळी इथेच आणा. रोज आणलं.

की स्ट्रीटला शनिवारी रात्री दहापर्यंत मुलाबरोबर थांबलो, मुद्दाम. गाणी ऐकली, गर्दी वाढताना पाहिली आणि पूल ओलांडून घरी आलो. पुलावरून मागे वळून पाहिलं तर आवाज नदीच्याच आवाजात बुडालेला. त्याच दिवशी राखीपौर्णिमा होती. धुळ्याच्या ताई दुपारी आल्या होत्या. हिने कळण्याची भाकरी, तव्यावरच्या मिरचीचा ठेचा आणि त्यांच्या लोण्याचं तूप असं वाढलं. त्यांनी माझ्या मुलाला राखी बांधली. आता तो दर महिन्याला त्यांना फोन करतो.

सॉल्टहिलला बसने गेलो, शेवटपर्यंत चाललो, तीन ठिकाणी बाकावर बसत. हिने डाव्या, नव्या गुडघ्याच्या पायाने भिंतीला लाथ मारली.

एकच गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ध्यानातून सुटली होती. पायऱ्या दोनच होत्या, पण न्हाणीघरात शॉवर टबाच्या आत होता, आणि टबाची कड हिच्या गुडघ्याच्या वर येत होती. पाय उचलून आत टाकणं तिला शक्य नव्हतं. पहिले दोन दिवस बाहेर उभं राहून तांब्या-बादलीसारखं, भांड्याने पाणी घेऊन आंघोळ केली, फरशी ओली होईल म्हणून खाली टॉवेल अंथरून. तिसऱ्या दिवशी धीर करून मालकिणीला सांगितलं, तर तिने शेजारून प्लास्टिकची एक पायरी आणि आत ठेवायचं स्टूल आणून दिलं, वर आधीच का नाही बोललात म्हणून रागावली. गुडघ्याचं माणूस बरोबर असेल तर खोली घेताना पायऱ्यांच्या आकड्याबरोबर न्हाणीघराचा फोटोही मागवा, आणि त्यात टबाची कड दिसली पाहिजे.